कोबीच्या वाफ्यातला बैल

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. देवापुढे बोलायचा प्रश्न नव्हता, कारण देव मी मानत नाही. निदान तसं मी गावभर म्हणत असे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर बहुधा गप्पच बसलो असतो.

सुरुवात भाजीपासून करतो. खऱ्या ठिकाणापासून सुरुवात करायचा धीर अजून होत नाही.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. वालावलच्या खाडीतून होडीने वर गेलं की लागणाऱ्या एका गावात मी शाळामास्तर होतो. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, इन्सुलीला गेलेली. घरी मी, पुस्तकांची पेटी, आणि मागचं परसू. माघात मी वाफे केले. तांबडा माठ, मुळा, वांगी, मिरची. विहिरीच्या कडेला पुदिना आणि गवती चहा. सुक्या तारल्यांचं, म्हणजे मासळीचं, खत घातलं — त्या वासाने आठवडाभर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही, हा त्या खताचा दुसरा फायदा. फाल्गुनात सगळं असं तरारून आलं की सकाळी घागर खाली ठेवून मी नुसता बघत उभा राहायचो. माठाची कोवळी पानं उन्हात लालभडक दिसायची. वांग्याला पहिली जांभळी फुलं आली होती.

आणि कोबी. त्या गावात कोबी कुणी लावलेला नव्हता, लावू पाहणाऱ्याला वेडा म्हटलं असतं. मी पुण्याहून बी मागवलं. दुपारी रोपांवर माडाच्या झावळ्यांची सावली करायची, संध्याकाळी एकेका रोपाला पाणी. बरीच मेली. जी जगली त्यांनी फाल्गुनाच्या शेवटी मुठीएवढा गड्डा धरला. मुठीएवढाच — पण धरला.

तालुक्याहून साहेब येणार होते. घरोघरी भाजी पिकवा असं सरकार तेव्हा सांगत असे, आणि पिकवणाऱ्याच्या परसात येऊन साहेब भाषण करत. या भाषणांची मी शाळेत हुबेहूब नक्कल करायचो. हार घालून घेताना साहेब मान किती पुढे काढतात, तेसुद्धा करून दाखवायचो. मग साहेब माझ्या परसात येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी भर दुपारी मी काय करत होतो? बेड्याला — म्हणजे परसाच्या बांबूच्या फाटकाला — आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होतो. डहाळ्या तोडायला आणलेला कोयता जवळ होता. सुतळी कमी पडली. ती आणायला मी घरात गेलो, आणि बेडं उघडं राहिलं.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात, पाऊस येईपर्यंत. त्यांना कुणी राखत नाही. उन्हाळी भाजी करणाऱ्याने आपली वई, म्हणजे काट्यांचं कुंपण, मजबूत घालायची, बेडं लावून घ्यायचं. गुरं आत शिरली तर चूक बेड्याची. गुराला बोल लावायचा नाही. हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

सुतळी घेऊन आलो, तर कोबीच्या वाफ्यात ढवळ्या.

ढवळ्या भागीवहिनींचा. त्या विधवा, शेजारच्या. त्यांची आणि त्यांच्या धाकट्या दिराची, दाजीची, वाटणी झाली तेव्हा बैलजोडीही वाटली गेली: ढवळ्या वहिनींना, दुसरा दाजीला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. पण एका बैलाने नांगर चालत नाही, त्यामुळे पावसात दोन्ही बैल एका जुवाखाली यायचे आणि दोन्ही घरांची जमीन नांगरून व्हायची. माणसं मात्र तोंडं फिरवून बांधावर उभी. मी यावर बरेच विनोद केले आहेत.

ढवळ्याने शेवटचा गड्डा तोंडात धरला होता. माझ्याकडे शांतपणे बघत तो चावत होता. बेड्याशी कोयता पडलेला होता.

एकच घाव घातला, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. पहिला घाव मागच्या पायावर, खुराच्या वरच्या शिरेवर बसला. तेवढ्यावर तो लंगडत बाहेर गेला असता, जातच होता. मी बेड्याशी आडवा झालो आणि पुन्हा मारलं. मग पुन्हा. पाय मागे लोंबायला लागला. तो हंबरला नाही, नाकातून नुसता फुसफुसत राहिला. तोंडातून कोबीची हिरवी लाळ गळत होती. माझ्या धोतरावर रक्त, चष्म्यावर रक्त. राग आला होता का? पहिल्या घावाला आला असेल. नंतरच्या घावांना — कसं सांगू — बरं वाटत होतं. साहेबांसाठी तोरण बांधायला लागलो म्हणून स्वतःचीच जी शिसारी आली होती, ती हातातून बाहेर निघत होती. बैलाने डोकं फिरवून माझ्याकडे पाहिलं. त्या डोक्यावरही मी मारलं.

मग हात गळून गेला आणि मी बाजूला झालो. तीन पायांवर फरफटत तो बाहेर पडला, उतारावरून खाली गेला आणि दाजीच्या मिरचीच्या तुकड्यात कोसळला. दुपारची वेळ, सगळं गाव झोपलेलं. उतारावरच्या रक्तावर मी पालापाचोळा ओढला, आत जाऊन धोतर धुतलं, कोयता घासला. कोबीचा वाफा पूर्ण खणून काढला, रक्तासकट माती उलथी केली आणि वर धने पेरले. बेडं लावलं. तोरण बांधून पुरं केलं. हो, तेही.

ढवळ्या तिन्हीसांजेला मेला.

दाजी त्या दुपारी खाडीपलीकडे वईसाठी काट्या तोडायला गेला होता. एकटाच. कोयता घेऊन. परतला तेव्हा त्याच्या मिरचीत बैल मेलेला, भोवती गाव गोळा झालेलं. आणि आठवड्यापूर्वीच तो चव्हाट्यावर ओरडला होता, "परत माझ्या मिरचेत शिरलो तर तंगडी तोडून टाकीन त्येची, सांगान ठेवतंय!" सगळ्यांनी ऐकलं होतं. मीही.

"ह्या मेल्यानच मारल्यान माझ्या ढवळ्याक!" भागीवहिनी कपाळ बडवत होत्या. "माका रांडमुंडेक बुडवूक बघता!"

बैल मारणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अशा माणसाच्या हातचं पाणी बंद होतं. त्याच्या घरी कुणी मुलगी देत नाही. मग मास्तराची गोष्टच सोडा.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. माठाचं आणि वांग्याचं कौतुक केलं. हार घालून घेताना त्यांनी मान पुढे काढली. त्यानंतर मलाही हार घातला. मीही काढली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात कौल लावायचं ठरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो, सवाल घालतो, आणि उजवीकडची कळी आधी पडली तर देव 'होय' म्हणाला. माझ्या मते त्या कळ्या ओल मिळेल तशा पडतात. हे मत मी चारचौघांत अनेकदा मांडलं होतं. त्या दिवशीही मांडलं. उभा राहिलो आणि म्हणालो, "दाजीचा बैल याच ढवळ्याच्या जोडीचा. ढवळ्याला मारून तो पावसात नांगराला काय स्वतःला जुंपून घेणार? जरा विचार करा."

वहिनींचे भाऊ आले होते, मिठबावकडचे, दांडगे. थोरला म्हणाला, "मास्तर, तुमचा शिकवणा शाळेत. हंय देव शिकवता."

लोक हसले. मी खाली बसलो. माझा मुद्दा अगदी बिनतोड होता, आणि खराही होता. पुरावा तर माझ्या घरी होता, कोनाड्यात, घासून पुसून ठेवलेला. तुमच्या लक्षात येतंय ना? देव चुकतो हे सिद्ध करायची आयुष्यातली एकमेव संधी माझ्यासमोर होती, आणि ती फक्त माझ्यापाशी होती.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. उजवी कळी पडली.

दाजी त्या कळीकडे बघत राहिला. मग त्याला देवळाबाहेर ओढलं. दांडकी आधीच आणलेली होती. पहिला फटका तोंडावर बसला, दात उडाले. तो पडला तेव्हा पाठीवर, बरगड्यांवर. कुणीतरी ओरडलं, "खंयच्या हातान मारलंस रे? दाखव तो हात!" दोघांनी त्याचा उजवा हात देवळाच्या पायरीवर आडवा धरला आणि थोरल्याने जांभ्या दगडाचा चिरा उचलून वर आपटला. एकदा हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा आवाज आला नाही, मोडायला काही उरलं नव्हतं. त्या बायामाणसांत, पोराटोरांत मी चार हात अंतरावर उभा होतो. माझा उजवा हात मी सदऱ्याच्या खिशात घातला होता. तो कधी घातला, आठवत नाही.

बोललो असतो तर तो दगड माझ्या हातावर पडला असता. इतकं साधं होतं ते.

दाजीची बायको आधीच वारली होती, एक मुलगी होती ती दोडामार्गला दिलेली. त्याच्याकडे कुणी जाईना. मी जात होतो. हे चांगुलपणानं, असं कृपया समजू नका. मी न जाण्याचा कुणी अर्थ लावेल या भीतीनं जात होतो. पेज करून द्यायचो. परसातली भाजी न्यायचो — वांगी, मुळा, आणि पुढे त्या खणलेल्या वाफ्यातली कोथिंबीर. रक्तामुळे ती जास्त फोफावली वगैरे काही नाही. इतर वाफ्यांत येते तशीच आली. दाजीनं पेजेबरोबर तिची चटणी खाल्ली.

"मास्तरानू," तो मला म्हणाला — फुटक्या ओठांतून, थांबत थांबत — "अख्ख्या गावात तुमीच एकटे माझ्यासाठी उभे रवलात. ह्या मी मरासर विसरूचंय नाय."

मी त्याच्या आभारांना मान डोलावली.

पण इथवर जे सांगितलं ते, खरं म्हणजे, मला सांगता आलं असतं. मागेच. दारू पिणाऱ्याला दारू प्यायल्यावर तरी सांगता आलं असतं. क्रोध, भीती, भेकडपणा — माणसं असल्या गोष्टी कबूल करतात. मी ज्याच्याभोवती इतका वेळ घुटमळतोय ते याच्या पुढचं आहे.

चैत्रात एका सकाळी गेलो तर दाजी खाटेवर उठून बसला होता. हाताला पट्ट्या, बोटं काळी पडलेली. झोप झालेली दिसत नव्हती. म्हणाला,

"तुमी शिकलेले. देवाक मानणास नाय. म्हणान तुमकाच इचारतंय. देवान उजवो दिल्यान. देव खोटो सांगात?"

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"माका आठवणा नाय, मास्तरानू. माका आठवता ता इतक्याच, मी पलीकडे काट्यो तोडी होतंय. पण राग डोक्यात गेलो की माका कायच सुचना नाय, ह्या खरा. देव सांगता म्हणजे... माझ्याच हातसून झाला आसात? आनि मी इसारलंय?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. बैलाच्या रक्तात उभा होता तो मी, आणि हा मला विचारत होता की ते त्याने केलं का. 'नाही' म्हणायला कबुली द्यायचीही गरज नव्हती. नुसतं 'नाही, दाजी, तू केलेलं नाहीस' — एवढं पुरलं असतं. माझा शब्द त्याला देवापेक्षा वरचा होता, म्हणूनच तो मला विचारत होता. माझ्यावर आळही आला नसता. मी सदाच देवाविरुद्ध बोलणारा माणूस.

पण तो स्वतःहून कबूल झाला, तर पुन्हा कुणी काही शोधणार नाही — हा विचार मला त्या क्षणी सुचला. सुचला, आणि मी म्हणालो,

"रागाच्या भरात केलेलं माणसाला मागाहून कधीकधी आठवत नाही, दाजी. असं होतं. मी वाचलंय."

'मी वाचलंय.' हे शब्द माझे आहेत. असं कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं.

दाजीने मान खाली घातली. मग म्हणाला, "बरा झाला तुमी सांगलात." त्याच्या चेहऱ्यावर खरोखर सुटल्यासारखं दिसलं.

त्या आठवड्यात त्याने देवळात जाऊन गुन्हा कबूल केला. डाव्या हाताने भागीवहिनींचे पाय धरले. आपला बैल सोडून त्यांच्या दारात बांधला. वहिनी रडल्या, गाव हळहळलं. गुरव म्हणाला, देवाचा शब्द कधी फुकट जात नाही. मला लोकांनी थोडं चिडवलं, "काय मास्तर, आता मानतलात?" मी हसलो. मग दाजी मुलीकडे दोडामार्गला निघून गेला. तिथल्या केळीच्या बागेत एका हाताने जमेल ते काम करत राहिला. काही वर्षांनी वारला. मुलीने निरोप पाठवला त्यात होतं, शेवटी शेवटी तो ढवळ्याची माफी मागत असे.

ज्याने त्या बैलाला मारलं त्याने माफी मागितलेली नाही. आताही मागत नाही.