मिनिटकाकांचं जपान

मिनिटकाकांना चार वाजता चहाला बोलावलं की ते तीन अठ्ठावन्नला दाराशी येत आणि बेल न वाजवता दोन मिनिटं बाहेर उभे राहत. पाऊस असला तरी उभे राहत. मी लंडनजवळच्या हॅरोत नवीन होते तेव्हा खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि धावत जाऊन दार उघडलं, तर त्यांना ते मुळीच आवडलं नाही. छत्री झटकत म्हणाले, "तू चार म्हटलं होतं बेटा. आता तुझा चहा झाला नसेल आणि तुलाच उगाच अपराधी वाटेल." चहा खरंच झाला नव्हता.

मिनिटकाका हे नाव आमच्या मंडळींतल्या कुणीतरी चेष्टेनं ठेवलं होतं आणि काकांनी ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं. मूळचे नागपूरचे. तरुणपणी इकडे आले आणि रेल्वेच्या वेळापत्रकांच्या ऑफिसात चिकटले ते रिटायर होईपर्यंत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर किती वेळ थांबेल हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "अर्धा तास" हा शब्द त्यांना सहन होत नसे. अर्धा तास म्हणणाऱ्याला काही माहीत नसतं, असं त्यांचं मत. ते सत्तावीस मिनिटं म्हणत, आणि सत्तावीसच होत. मला सुरुवातीला याचा वैताग यायचा. पुण्याची असल्यानं मला वाटायचं, वक्तशीरपणा हा आमचा प्रांत आहे.

हॅरो आणि वॉटफर्डमधली किती तरी मराठी कुटुंबं सुट्टीचा प्लॅन करायला त्यांच्याकडे जात. मोबाइलवरच्या नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण त्यांच्या मते तो नकाशा ऑफिसला उशीर झालेल्या माणसाच्या पायांनी चालतो. ते आधी विचारत, "तुमच्यात सगळ्यात हळू कोण चालतं?" बहुतेक वेळा ती भारतातून आलेली कुणाची तरी सासू असायची. तिला घेऊन काका स्वतःच्या घरापासून स्टेशनपर्यंत चालत जायचे, खिशात घड्याळ लावून. सासूबाईंना वाटायचं, किती अगत्याचा माणूस, गप्पा मारायला बरोबर आला. घरी आल्यावर ते रोम असो की एडिनबरा, प्लॅनमधलं प्रत्येक अंतर त्या बाईच्या चालीनं मोजत. "फास्ट माणूस थांबू शकतो. स्लो माणूस पळू शकत नाही," म्हणत. त्यांच्या प्लॅनवर गेलेली सासू परत आल्यावर सुनेबद्दल चक्क बरं बोलायची.

त्यांच्या स्वतःच्या घरात हळू चालणारं माणूस म्हणजे प्रमिलाकाकू. दर रविवारी दोघं विहारात वंदनेला जात, तेव्हा घर ते स्टेशन हे अंतर काकूंना अकरा मिनिटं लागे. वर्षानुवर्षं अकरा. मग एका उन्हाळ्यात ते चौदा झाले, दिवाळीपर्यंत एकोणीस. गुडघे ठीक होते. काकू मध्येच एखाद्या कुंपणापाशी थांबत आणि आपण जातोय की परत येतोय, याचा विचार करत राहत. मेमरी क्लिनिकनं आजाराचं नाव सांगितलं ते पुढच्या वर्षी. काका मला म्हणाले, "डॉक्टरच्या आधी मला कळलं होतं. मी थंडीवर ढकलून राहिलो होतो." एवढ्या सरळ माणसानं स्वतःच्या घड्याळाशी खोटं बोलावं, याचं मला फार वाईट वाटलं.

क्लिनिकचं पत्र आल्यावर दहाएक दिवसांनी त्यांनी मला सकाळी दहा वीसला घरी बोलावलं. डायनिंग टेबलवर ओसाका, क्योटो आणि टोकियोचे नकाशे पसरले होते. मला वाटलं, कुणासाठी तरी काम चाललंय. ते म्हणाले, आम्ही दोघं जाणार, आणि तू.

जपानचं त्या दोघांचं जुनंच ठरत होतं आणि दर वर्षी काही ना काही कारणानं राहत होतं. काकांना आयुष्यात एकदा वेळेवर सुटणाऱ्या गाड्या बघायच्या होत्या. काकूंना गाड्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी इथल्या शाळेच्या किचनमध्ये वीस वर्षं मुलांना जेवण वाढलं होतं आणि त्यांना तिथल्या मोठ्या दुकानांची तळघरं बघायची होती, जिथं मिठाया आणि खाऊ दागिन्यांसारखे मांडून ठेवतात. व्हिडिओ बघून बघून त्यांना काही पदार्थ नावानिशी पाठ झाले होते. आता ती नावं एकेक करून गळायला लागली होती.

"पुढच्या वर्षी तिला जपानला नेलं काय आणि इथं जवळ ब्रायटनला नेलं काय, सारखंच," काका म्हणाले. "या वर्षी तिला कळेल." मग नकाशाची घडी नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायकांच्या टॉयलेटमध्ये मी जाऊ शकत नाही. दुसऱ्या दारानं बाहेर पडली तर मी काय करू? तुझं तेवढंच काम. बाहेर पडलं की तिचा हात धरायचा."

मला मान वाटला आणि थोडा अपमानही वाटला, पण मी हो म्हणाले. त्यांची मुलगी शीतल ग्लासगोला डॉक्टर आहे. इथंच वाढल्यामुळे तिचं मराठी मोडकं; त्याच मराठीत तिनं फोनवर बापाला झापलं. "बाबा, धिस इज मॅडनेस. आई तिकडे हरवला तर?" काकांनी उत्तर दिलं, की हरवू नये म्हणूनच सहा आठवडे प्लॅन करतोय.

आणि काय प्लॅन होता. प्रत्येक दिवशी दोनच ठिकाणं, सगळी अंतरं एकोणीस मिनिटांच्या चालीनं, आणि टॉयलेट हिरव्या पेन्सिलीनं. ओसाकात पहिल्या दिवशी काकूंनी तळघरात पाय ठेवला आणि त्या उभ्याच राहिल्या. लाल चवळीसारख्या कसल्याशा डाळीचं पुरण भरलेली एक मिठाई त्यांनी घेतली, अर्धी काकांच्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, "बघा, पुरणच आहे, फक्त वेलदोडा विसरलेत." तीन दिवस आम्ही तळघरंच फिरलो. काकू काउंटरमागच्या मुलींना वाकून नमस्कार करत, त्या मुली आणखी वाकत, मग काकू आणखी. मी फोटो काढत होते. त्या वर्षात मी दुसऱ्यांदा कधी इतकी हसल्याचं मला आठवत नाही.

टोकियोला जाताना बुलेट ट्रेनमध्ये काका खिडकीला लागून घड्याळ हातात घेऊन बसले. गाडी सुटली तेव्हा त्यांनी डोळे पुसले, अगदी उघड. काकूंनी विचारलं, आपण कुठं चाललोय? ते म्हणाले, "टोकियोला. दोन तास सव्वीस मिनिटं." थोड्या वेळानं काकूंनी तेच विचारलं. मग परत. काकांनी प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगितलं, फक्त उत्तरातली मिनिटं कमी होत गेली. एक तास चाळीस. पंचावन्न मिनिटं. नऊ मिनिटं. मी कानात गाणी घालून झोपल्याचं सोंग केलं, कारण मला ते ऐकवत नव्हतं.

टोकियोत तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही उएनो स्टेशनवर होतो. शहराभोवती गोल फिरणारी हिरवी गाडी पकडायची होती. काकांची एक जुनी सवय होती. बरोबरच्या सगळ्यांना गाडीत चढवायचं आणि आपण शेवटी चढायचं. कुणी मागे राहू नये म्हणून. गाडी आली. काकूंचा हात माझ्या हातात होता. फोन वाजला, ऑफिसचा मेसेज होता, आणि तो बघायला मी हात सोडला. काकू लहान मुलीसारख्या पटकन आत गेल्या. मी मान वर केली तोवर दार लागलं होतं. मी बाहेर, काका माझ्या मागे. काचेपलीकडे काकू आमच्याकडे बघत होत्या. गाडी ज्या मिनिटाला सुटायची त्याच मिनिटाला सुटली. ती थांबली नाही, कारण तिथं कुठलीच गाडी कुणासाठी थांबत नाही, आणि त्याचसाठी तर आम्ही तिथं गेलो होतो.

मी रडायला लागले. काकांनी फलाटावरच्या कर्मचाऱ्याला गाठलं, काकूंची निळी साडी आणि करडा कोट कागदावर लिहून दिला. त्यानं लगेच पुढच्या स्टेशनांना फोन लावले. दोन स्टेशनांवरून निरोप आला, गर्दी आहे, बाई दिसली नाही. काका फलाटावर आखलेल्या आमच्या दाराच्या खुणेसमोर, चौथा डबा थांबतो तिथं, बाकावर येऊन बसले. मी म्हणाले, आपण मागच्या गाडीनं जाऊ. ते म्हणाले, "हलायचं नाही. ही गाडी मध्येच संपणारी नाही, मी पाहिलं आहे. पूर्ण फेरी मारून पासष्ट मिनिटांनी इथंच येईल. ती बसली असेल तर उठणार नाही."

आणि उतरली तर, असं मी विचारलं नाही. दर तीन-चार मिनिटांनी गाडी यायची, दारं उघडायची, माणसं उतरायची, चढायची. वीसेक मिनिटांनी काका रुळांकडे बघत म्हणाले, "दार लागलं ना बेटा, तेव्हा मला बरं वाटलं."

मला आधी कळलंच नाही.

"हलकं वाटलं. एक मिनिट. पूर्ण एक मिनिटही नसेल." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात कोणी नव्हतं. आणि मला बरं वाटलं."

मी काय केलं? मी पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती घेतली, झाकण उघडलं आणि न पिता परत लावलं. हात मी सोडला होता, चूक माझी होती, हेसुद्धा मी त्या क्षणी म्हणाले नाही. काकांनीही ते एकदाही काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला त्यांच्या बोलण्याचा राग आला होता, हे आज कबूल करते. मला वाटलं, बायको हरवली असताना माणूस असं बोलतोच कसा. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि कुणाला आंघोळ घातली नव्हती, कुणाची बटणं लावली नव्हती, एकच प्रश्न दिवसातून चाळीस वेळा ऐकला नव्हता.

पासष्ट मिनिटांनी गाडी आली. चौथ्या डब्यात दारालगतच्या सीटवर काकू बसल्या होत्या, मांडीवर पर्स घेऊन. काकांनी आत जाऊन त्यांचं मनगट धरलं. काकू म्हणाल्या, "अहो, किती वेळ लावला." मग आम्ही तिघं त्याच गाडीनं पुढे गेलो. उरलेले दोन दिवस काकांनी ते मनगट सोडलं नाही. जेवतानाही डाव्या हातानं धरून ठेवत. प्लॅनचे कागद त्यांनी पुन्हा उघडले नाहीत. वेळ विचारायची झाली तर मला विचारत.

परत आल्यावर त्यांनी कुणालाही प्लॅन करून दिला नाही. लोक यायचे, तेव्हा ते म्हणायचे, आता अंदाज येत नाही. शीतलला त्या तासाबद्दल आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात काकूंना वॉटफर्डच्या एका केअर होममध्ये ठेवावं लागलं. काका रोज बसनं जायचे आणि भेटीची वेळ संपेपर्यंत बसायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. काकू झोपल्या होत्या तरी त्यांनी मनगट धरलं होतं. शिक्षा भोगणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येत नसेल, असं नाही. मी गप्प बसले. आपण काही बोललो तर तो बाक पुन्हा समोर येईल, अशी मला भीती वाटली.

यंदाच्या मार्चमध्ये काका गेले. सकाळी बाथरूममध्ये पडले, दुपारपर्यंत संपलं. क्रिमेटोरियममध्ये त्रिसरण-पंचशील झालं आणि मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी दाराबाहेरच्या दोन मिनिटांबद्दल बोलले, सासूबायांबद्दल बोलले, लोक हसले आणि रडले. बाहेर पडल्यावर शीतलनं माझा दंड धरून विचारलं, "जपानमध्ये बाबा हॅपी होती ना? खरं सांग." मी हो म्हणाले. खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी काकूंना भेटायला गेले. त्या मला तिथली नर्स समजतात. खिडकीतून बघत बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "मी एकदा गाडीत एकटीच बसले होते. हात धरायला कोणी नव्हतं. सगळं गाव बघितलं."

मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"भीती कशाची?" त्यांनी माझ्याकडे वेडी आहे का, अशा नजरेनं पाहिलं. "हे होते ना तिथं. मी आत गेले तेव्हा उभे होते, परत आले तेव्हाही होते." मग जरा वेळानं, "छान वाटलं मला. मोकळं वाटलं."

तिथून बाहेर पडून मी बसस्टॉपवर उभी राहिले आणि दोन बस जाऊ दिल्या. काकूंनाही मोकळं वाटलं होतं. दोघांनाही, त्याच दिवशी, त्याच बंद दाराच्या दोन बाजूंना. काकूंनी ते सहज सांगून टाकलं आणि विसरल्या. काकांनी ते मला सांगितलं, एकट्या मला, आणि मग मरेपर्यंत त्याचं प्रायश्चित्त घेत राहिले. काका, त्यात तुमचं काही चुकलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्या बाकावर पाऊण तास उरला होता माझ्याकडे.