आप्पांना भ्या वाटतं

कराडच्या एसटी स्टँडवर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली, आणि मुंबईची गाडी आमच्यादेखत सुटली. आमच्या घरात परगावी निघालेल्या माणसाला प्रार्थनेशिवाय सोडत नाहीत, आणि प्रार्थना चालू असताना कुणी डोळे उघडत नाही. मी एक डोळा किलकिला केला होता, गाडी हललेली दिसलीही होती. पण आप्पांना मध्येच थांबवायची छाती कुणाची? 'आमेन' झाल्यावर आई ओरडली, "आवं, गाडी गेली की!"

"त्या गाडीनं जाऊ नये आशी प्रभूची इच्छा आसंल."

"प्रभूची कशाला? तुमीच मंडळीतलं समदं आजारी मोजत बसला!"

दुसरी गाडी दोन तासांनी मिळाली. मी नर्स म्हणून आयर्लंडला निघाले होते आणि पर्समधला पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाचपत होते. आप्पा पलूसच्या आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच; बोलणं एकदम ठाम. खिडकीशी येऊन म्हणाले, "भ्यायचं न्हाई, पोरी. भ्याला त्यो देवाला इसरला."

त्या एका वाक्यानं मला सहा वर्षं छळलं. इथं मला सगळ्याचीच भीती वाटायची. लोकांचं बोलणं कळेना त्याची, ऑपरेशन थिएटरमधल्या पहिल्या शिफ्टची, हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येतं त्याची. आधी भीती, आणि वर ती वाटली म्हणून देवापुढे शरम! माझ्यासारखे निघून आलेले तुम्ही, तुमचंही असंच होतं का? फोनवर मात्र मी "झकास आहे" म्हणायची. पलीकडून आप्पाही तेच म्हणायचे.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. आप्पांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि डॉक्टरांनी आता थांबू नका म्हणून सांगितलं होतं. "मिरजंला आपरेशनची दोनदा तारीख घेतली, आन दोनदा सकाळी 'प्रभू बरं करील' म्हणून घरातच बसलं. चार पायऱ्या चढवत न्हाईत गं त्यांना." मी भडकले. आप्पांना फोनवर बोलावलं आणि तोंडाला येईल ते बोलले. याला विश्वास म्हणतात का, असंही म्हणाले.

आप्पांनी आवाज बारीक केला. मग म्हणाले, "इश्वास कसला, पोरी. मला लय भ्या वाटतंय. कुणाला सांगू? मी पंच हाय."

मी रोज ऑपरेशनच्या टेबलापाशी उभी असते, तिथं काय काय बिघडू शकतं ते मला पाठ आहे. 'भिऊ नका' म्हणावं तर खोटं. 'देव सांभाळेल' म्हणावं, तर ज्यांना सांभाळलं नाही त्यांच्याही घरी प्रार्थना चाललीच होती की. ते कोडं मला अजून सुटलेलं नाही. शेवटी जे खरं होतं तेच बोलले. "आप्पा, मलाबी भ्या वाटतं. निघाल्यापास्नं रोज."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमीच भ्यायचं न्हाई म्हणला व्हता."

ते हसले की रडले, फोनवर कळलं नाही. मग म्हणाले, "आज तू प्रार्थना कर." आमच्या घरात आप्पांसमोर आजवर कुणी प्रार्थना चालवली नव्हती. मी डोळे मिटले. "प्रभू, आप्पा भ्याल्यात. मीबी भ्यालीया. तरी त्यांना मिरजंला ने. आमेन."

आप्पा मिरजेला गेले. कागदावर सही केली, झडप बदलून झाली. आता अंगणात चालतात. हे देवानं केलं की डॉक्टरांनी, की आम्ही दोघं एकदाचं खरं बोललो म्हणून झालं, माझा गोंधळ काही मिटत नाही.

घर कुठं, असं कुणी विचारलं तर पलूस म्हणवत नाही आणि इथलं नावही तोंडात येत नाही. पण रोज फोनवर आप्पा विचारतात, "आज कशाचं भ्या वाटलं गं?" मी सांगते. मग ते त्यांचं सांगतात.