चिंचेने घासलेल्या कड्या

मूर्खपणा आधीच सांगून टाकते: एका जुन्यापुराण्या अमेरिकन डेस्कच्या पितळी कड्या मी चिंच-मीठ लावून घासल्या. लख्ख! आणि वर कौतुकाने बघत उभी राहिले, बावळट.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकत होता, एका अमेरिकन आजींच्या घरात वरची खोली आम्ही भाड्याने घेतली होती आणि मला सातवा महिना होता. डेस्क आजींचं, आम्हाला वापरायला दिलेलं. आजी बहिणीकडे गेल्या होत्या. खंडेनवमी आली. म्हटलं, नवऱ्याचं पेन नि कॅल्क्युलेटर डेस्कवर मांडून पूजा करू. पण काळ्याकुट्ट कड्यांना हळदकुंकू कसं लावायचं?

घासायला खण बाहेर काढला नि बघतच राहिले. कुठे खिळा नाही. कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत बोटं गुंतवल्यासारख्या बसलेल्या. वरचं तिरपं झाकण उघडायचं तर आधी दोन दांड्या पुढे ओढायच्या, मग ते त्यांवर अलगद टेकतं. आत चिठ्ठ्या ठेवायला चिमुकले कप्पे. इतकं देखणं काम, आणि कड्या अशा कळकट! मला कोण वाईट वाटलं.

वरच्या दोन खणांच्या कड्या झाल्या तोवर नवरा आला. दारातच थबकला.

"अगं, हे काय केलंस? अँटिक आहे ते! तो काळेपणाच तर जपतात हे लोक."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तू चिंच लावशील असं कोणाला वाटेल यार? आता खोली खाली करायला सांगतील."

थंडी तोंडावर, आणि या अवस्थेत जायचं कुठे? रात्ररात्र डोळा लागेना. शेवटी डबीतलं काजळ काढलं आणि चकचकीत कड्यांना चोपडलं. हुशारी बघा माझी!

आजी परतल्या त्या सरळ डेस्कपाशी. वरचा खण ओढला, बोटं काळी झाली. बोटांकडे पाहिलं, रुमालाने कडी पुसली. आतून पितळ चमकलं. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं ओकून टाकलं: पूजा, चिंच, काजळ. त्या शेजारची कडीही पुसू लागल्या. मनातल्या मनात माझ्या बॅगा भरून झाल्या.

मग म्हणाल्या, "हे डेस्क माझ्या सासूचं. तिने जन्मभर मला या कड्यांना हात लावू दिला नाही. खालच्या खणांच्या कशाला सोडल्यास?"