डब्याचं झाकण

गुरुनाथ आठल्ये चांगला माणूस आहे, हे न्यूजर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये कुणालाही विचारा. फक्त पद्मिनीमावशींना विचारू नका. त्याही "होऽऽ, चांगलाच आहे की" म्हणतील, पण तो 'हो' इतका लांबवतील की ऐकणाऱ्याला खुर्ची ओढून बसावंसं वाटेल.

गुरुनाथ मूळचा पुण्याचा. वीस वर्षं बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि एका शुक्रवारी लॅपटॉप परत करून घरी आला. निधी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "रडत बसू नकोस, उकड काढ." काढली. त्यातून टायरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या गाळ्यात 'निधी किचन' उभं राहिलं. कामाला दोघी: नागपूरच्या पद्मिनीमावशी, ज्यांना अख्ख्या काउंटीची लग्नं, मोडलेली लग्नं आणि मोडायला आलेली लग्नं पाठ, आणि नाशिकची शैलजा, जिच्या बोटांतून मोदकाला एकवीस कळ्या पडत. मोजून एकवीस. लोक मोदक खाण्याआधी त्याचा फोटो काढत.

गाळ्यात एक नियम होता. सकाळी आल्याबरोबर फोन दारापाशी ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात टाकायचे. नियम उगाच नव्हता बरं का. मावशी कळ्या पाडता पाडता नागपूरला व्हिडिओ कॉल करत, आणि एकदा एका गिऱ्हाइकाला मोदकात स्क्रीन गार्डचा तुकडा मिळाला होता. गिऱ्हाईक बिचारं भलं, त्याला वाटलं वेलदोड्याचं साल. तेव्हापासून डबा.

भिंतीवर आणखी एक कागद होता, सरकारी: संकटाच्या वेळी कामगारांना कुठे न्यायचं त्याचा. त्यावर गुरुनाथनेच गाळ्यातल्या खोलीचं नाव लिहिलं होतं: 'आतली कोठी, खिडकी नाही.' अक्षर सुरेख. पुढे त्याच खिळ्यावर कालनिर्णय लटकलं आणि कोठीत थर्माकोलची खोकी गेली, छतापर्यंत.

गेल्या वर्षी गणपतीत गावच्या मराठी मंडळाची अकराशे मोदकांची ऑर्डर होती. आदल्या दिवशीपासून पाऊस. दक्षिणेकडून आलेल्या वादळाचं शेपूट, असं टीव्हीवाले सांगत होते. दुपारी चारला मंडळाचे अध्यक्ष सुमंत यांचा फोन आला. "आठल्ये, सातला आरती आहे. सहाला मोदक दारात पाहिजेत. पाऊसबिऊस सांगू नका हं मला." गुरुनाथ बाहेरच्या टेबलावर खोकी बांधत होता. आत चुलीवर नुकतीच उकड निघालेली. आता ज्यांनी मोदक केले आहेत त्यांना माहीत आहे, उकड कुणासाठी थांबत नाही. गार झाली की चिरते, चिरली की फेका.

चार वाजून बारा मिनिटांनी डबा ओरडला.

एक फोन नव्हे, डब्यातले तिन्ही, गुरुनाथचा धरून. सायलेंटवर असलेलेसुद्धा. स्टीलच्या पोटात तो आवाज असा घुमला की गुरुनाथच्या हातातली सुतळी पडली. त्याने वरचाच फोन पाहिला. टोर्नेडो वॉर्निंग, ताबडतोब आसरा घ्या. आतमध्ये एक्झॉस्टचा पंखा आणि नारळाचं मशीन एकदम चालू. त्या दोघींना काही ऐकू गेलं नाही.

गुरुनाथच्या मनात काय आलं? न्यूजर्सीत कसला आलाय टोर्नेडो, ते तिकडे ओक्लाहोमात. मग आलं, कोठी रिकामी करायलाच पंधरा मिनिटं जातील. आणि त्याच्या मागोमाग आलं, उकड गार होईल. एक घाणा निघू दे, मग सांगू.

त्याने डब्यावर झाकण लावलं. आवाज पुरता जाईना म्हणून वर टॉवेल टाकला.

चार तेवीसला छताचा पत्रा उडाला. आधी पंखा उलटा फिरल्यासारखा वाटला, मग कानांना दडे बसल्यासारखं झालं. मावशी टेबलाखाली घुसल्या आणि ओरडल्या, "शैलजा, खाली बस नं!" पण मोदकांवर पाणी यायला लागलं म्हणून शैलजा खिडकी ओढायला गेली होती. मोदकपात्रांची लोखंडी मांडणी तिच्यावर आली. उजवं मनगट खाली.

ती मांडणी गुरुनाथने एकट्याने उचलली, हेही खरं. पाठीचा मणका अजून बोलतो त्याच्याशी. मावशींनी डबा उघडून ॲम्ब्युलन्सला फोन लावला. आणि गुरुनाथने शैलजाचा फोन उचलला, काचेवर अजून तो संदेश होता, चार बाराचा. त्याने ओके दाबलं. संदेश पुसला गेला. मग फोन धावत आलेल्या तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. का दाबलं? विचारलंत तर अजूनही सांगता येत नाही त्याला. झाकण लावलेल्या हातानेच दाबलं, एवढं खरं.

मनगटात तीन स्क्रू बसले. गुरुनाथ दर रविवारी जेवणाचा डबा घेऊन तिच्याकडे जायचा. आणि शैलजाने काय म्हणावं?

"काका, सॉरी हं. मावशी खाली बस म्हणत होत्या, मीच आगाऊपणा केला. उगाच तुम्हाला ताप."

गुरुनाथने आमटीचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"आणि माझा फोनच खराब आहे बघा. सगळ्या गावाला अलर्ट आला म्हणे, माझ्या फोनवर काही दिसलंच नाही."

"असेल... रेंज नसेल," गुरुनाथ म्हणाला. घरी येऊन गाडीतच बसून राहिला. निधीने खिडकीवर टकटक केलं तेव्हा उतरला.

इकडे सुमंतांनी गावभर केलं की आठल्यांनी बायकांचे प्राण वाचवले. दिवाळीच्या कार्यक्रमात सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. गुरुनाथ तीनदा नको म्हणाला. आपल्याकडे तीनदा नको म्हणणं हा होकाराचाच भाग समजतात.

सत्काराच्या आदल्या दिवशी मावशी कणीक मळताना सहज म्हणाल्या, "काय बाप्पा, भाषण पाठ झालं का?"

"कसलं भाषण मावशी."

"नाही, म्हटलं त्या टॉवेलचा उल्लेख राहून जाईल. डबा उघडताना मीच बाजूला केला होता नं तो. झाकणावर टॉवेल कोण घालतं रे? डब्याला थंडी वाजते का?"

गुरुनाथ वळला. "तुम्हाला माहीत होतं? मग दोन महिने बोलला का नाहीत?"

"मी?" मावशी म्हणाल्या. "मी साऱ्या गावाचं सांगते. हे तुझं आहे, तू सांग. ती पोर रोज मला फोन करून म्हणते, मावशी, तुमचं ऐकलं असतं तर. मी काय उत्तर देऊ तिला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पावणेदोनशे माणसं. शैलजा पहिल्या रांगेत, हाताला पट्टा. सुमंतांनी शाल घातली, नारळ दिला, माईक पुढे केला.

"अलर्ट आला होता," गुरुनाथ म्हणाला.

मागे कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि थांबवली.

"चार बाराला. मी वाचला. यांचे फोन माझ्या डब्यात होते, मी वरून झाकण लावलं. उकड गार होईल म्हणून. जिथे न्यायचं त्या कोठीत मी खोकी भरून ठेवली होती. शैलजा, तुझ्या फोनवर आला होता अलर्ट. तो मी पुसला. खिडकीचं काही नाही. तुझी चूक नाही."

सुमंत हळूच म्हणाले, "अहो आठल्ये, एवढं मनाला नका लावून घेऊ, निसर्गापुढे..."

"तुम्ही थांबा, सुमंतकाका," शैलजा बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "किती मिनिटं होती, काका?"

"अकरा."

"आणि कोठी किती लांब?"

"सात पावलं."

तिने हाताचा पट्टा सारखा केला. "मी रोज रात्री हिशेब लावायची, की खिडकीकडे गेले नसते तर. अकरा मिनिटांत मी बावीस मोदक केले असतील. तुम्ही सगळ्यांनी खाल्ले ना ते? नाही, ते तर भिजले." उठली आणि नवऱ्याबरोबर निघून गेली.

गुरुनाथ नारळ घेऊन उभा. मावशी रांगेतून म्हणाल्या, "ठेव तो खाली. हात भरून येईल." टोमणा होता की माया, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

कामगारांच्या सुरक्षेचं पाहणाऱ्या कचेरीला गुरुनाथने स्वतःच पत्र लिहिलं. माणूस येऊन पाहून गेला, सुनावून गेला. कोठी रिकामी झाली. डबा गेला, फोन ॲप्रनच्या खिशात आले, मावशींचे व्हिडिओ कॉल पुन्हा सुरू झाले. शैलजा मार्चमध्ये आली ती आधी नुसती बघायला. कोठीत जाऊन जमिनीवर बसली, दार आतून लावून पाहिलं.

"पाच जणी मावतात," बाहेर येऊन म्हणाली. "तुम्ही नाही मावत."

"मी दारात उभा राहीन."

"राहाच," ती म्हणाली, आणि सोमवारपासून कामावर आली. पण मनगट वळत नाही तिचं आता. सारण करते. कळ्या दुसऱ्या मुली पाडतात; अकरा पडतात, फार तर बारा.

यंदाच्या गणपतीत सुमंतांचे मेहुणे मोदक न्यायला आले. नवीनच, दुसऱ्या राज्यातल्या हर्नडनहून बदलून आलेले. मोदक हातात धरून म्हणाले, "यार आठल्ये, एकवीस कळ्यांचं फार ऐकलं होतं. हे काय?"

गुरुनाथने सुतळी खाली ठेवली. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो तसं त्यांनाही सांगायला लागला. पाऊस, डबा, झाकण, टॉवेल. मेहुणे मोदक हातात घेऊन अवघडून ऐकत होते.

"...आणि मी दहा मिनिटं त्यांना काही..."

"अकरा!" आतून शैलजाचा आवाज आला.

"अकरा," गुरुनाथ म्हणाला, आणि पुढे सांगू लागला.