आबांचा वारा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला गेलो. गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. मी धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून. वारा म्हणजे टेबलावरचे कागद उडवणारा पंखा, एवढीच माझी ओळख. सासरे, म्हणजे आबा, त्या भागातले नावाजलेले शिकारी. रानडुकरं उभी ज्वारी लोळवत, म्हणून पीक राखायला त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. तिचा नेम शेवटचा कधी लागला, हे घरात कोणी विचारत नसे.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच आबा मला डोंगरात घेऊन गेले. एका नाळेतून, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीतून, वर चढायचं होतं. डुकरं वरच्या झाडीत पडलेली असत. आबांनी खिशातून चुलीतल्या राखेची पुरचुंडी काढली आणि चिमूटभर राख हवेत सोडली. ती आमच्या तोंडावर आली.

"सकायनी हवा गार ऱ्हास, वरतीन खाले उतरस," ते हळूच म्हणाले. "ऊन तापनं का मंग वर चढस. म्हनीसन सकायनी खालतीन जावानं. डुकरले आपला वास लागत नही."

सिद्धांत बिनतोड होता. अडचण एवढीच, की प्रत्येक वळणावर आबांना जुनी एखादी शिकार आठवे आणि बसल्याशिवाय त्यांना ती सांगता येत नसे. झाडीखाली पोचलो तोवर खडक चांगलेच तापले होते. आबांनी पुन्हा चिमूट सोडली. राख आमच्या पुढे, सरळ झाडीकडे निघाली.

"आबा, राख वर चाललीय," मी भीत भीत म्हणालो.

"हलकी शे ती," आबा म्हणाले. "वास जड ऱ्हास."

तेवढ्यात झाडीत घुरघुर झाली, झुडपं हलली आणि अख्खा कळप डोंगराची धार ओलांडून पलीकडे गेला. आबांनी बंदूक खांद्याला लावलीसुद्धा नव्हती. ते वळले आणि त्यांनी माझ्या डोक्याचा वास घेतला.

"तेल लावेल शे तुम्ही."

घरी येऊन त्यांनी हेच सांगितलं. सासूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिवाईना सनले ते तेल तुम्हीच आनेल शे. जावईले कसाले बोल लावतस?"

आबांनी जेवताना भरीत दोनदा घेतलं.

जेवणानंतर शेजारची माणसं ओट्यावर जमली. शिकारीचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. आबा सावकाश सुपारी कातरत म्हणाले, "जावई म्हनेत, चला पुढे. मी म्हनं, वारा फिरना. आते काही उपेग नही. राखच सांगस ना."

सगळ्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. शहरातल्या माणसाला वाऱ्यातलं काय कळणार, असं एक जण म्हणालाही.

"खरंय, मला नाही कळलं," मी म्हणालो.

आबांनी पान लावलं आणि जमलेल्या सगळ्यांच्या आधी माझ्या हातात दिलं.