डाव्या हाताची केबिन

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात एकही दार आपटलेलं नाही. रागावून घराबाहेर पडले तरी दार असं लावतील की आतल्या माणसाला पत्ता लागू नये. भांडणात त्यामुळे माझी फार पंचाईत व्हायची. आपण तावातावाने बोलत राहायचं आणि वळून बघावं तर माणूस केव्हाच गेलेला.

सदतीस वर्षं त्यांनी दारं केली. मोठ्या कारखान्यात, दारांच्या विभागात. दार चौकटीत बसलं की एका बोटाने ढकलायचं आणि ते टेकताना कान देऊन ऐकायचं, ही त्यांची परीक्षा. जरा कुठे खट्ट झालं की पुन्हा बिजागऱ्या काढायच्या. कुणाच्या नव्या घरी गेलो की हे माणसांआधी बिजागऱ्यांना भेटायचे. कारखान्यात लाकूड कापायचं यंत्र त्यांच्या डाव्या हाताला होतं, सगळी सदतीस वर्षं डाव्या हातालाच. त्याने डाव्या कानाचं काय झालं ते मला ठाऊक होतं. डॉक्टरांनाही कळलं असतं, पण डॉक्टरांकडे जाईल कोण? "माझे कान ठणठणीत आहेत, तूच पुटपुटतेस," यावर आमच्या घरातलं बोलणं संपायचं. बाहेर कुणाजवळ बोललीस तर याद राख, असा वर दम. सदतीस वर्षं दाराचा आवाज ऐकून पोट भरलेल्या माणसाला कान गेला म्हणायचं जिवावर येत असणार, म्हणून मीही मूग गिळून गप्प बसले. आता वाटतं, बसायला नको होतं.

कारण मुलाने नवीन घर घेतलं आणि खालच्या मजल्यावर आमच्यासाठी एक खोली ठेवली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, माझे गुडघे कामातून गेलेले. शिवाय नात. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, पाच वर्षांची आहे आणि एका जागी तिला कुणी बसलेलं पाहिलेलं नाही. मला तिथे जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. पण घर बघायला गेलो त्या दिवशी ह्यांनी सुनेला स्वयंपाकघरात गाठून सरळ विचारलं, "आम्ही इथे कायमचे राहायला आलो तर तुला चालेल का?" सून भांडी पुसत होती. तिने मान वर केली नाही की तोंडातून शब्द काढला नाही, असं ह्यांचं म्हणणं. मी तेव्हा वरच्या मजल्यावर भिंगरीचे खेळ बघत होते.

"अहो, काहीतरी म्हणाली असेल," मी घरी आल्यावर म्हटलं.

"मग मी काय बहिरा आहे? तिला नकोय आपण. न बोलून तिने सांगितलं."

यापुढे विषय बंद. मुलाने फार आग्रह धरला नाही. त्याने सगळ्यांची आठ दिवसांच्या क्रूझची तिकिटं काढली आणि म्हणाला, "चला, जरा एकत्र राहून बघू. बोटीवरून उतरताना हो की नाही ते सांगा. मी परत विचारणार नाही." तेव्हा माझ्यासाठी ती समुद्राची सहल नव्हती. आठ दिवसांत ह्यांचं मन वळायला हवं होतं.

बोट म्हणजे एक आडवं पडलेलं गावच. आमच्या मजल्यावर लांबच लांब गालिचा घातलेला बोळ, दोन्हीकडे दारं. आमची केबिन मधली. समुद्राकडे तोंड केलं तर डाव्या हाताला मुलाची, उजव्या हाताला कुणा परक्या बाईंची. प्रत्येक केबिनला इवलीशी बाल्कनी, दोन खुर्च्या मावतील एवढी, आणि बाल्कनीचं दार मात्र तिजोरीला शोभेल असं. ह्यांनी बॅग ठेवायच्या आधी ते दार उघडून-लावून पाहिलं. "चांगलं आहे. जड आहे, पण शहाणं आहे," असं प्रमाणपत्रही दिलं. "फक्त बोळातलं दार आणि हे दार एकदम उघडं ठेवायचं नाही. वारा आरपार जातो आणि हातातून हिसकावून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहाची कपबशी घेऊन बाल्कनीत बसले. मी शेजारी. समुद्र शांत, ऊन कोवळं, आणि ह्यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका मोकळा. एवढ्यात धाड! कपातला चहा बशीत आला. दोन मिनिटांनी पुन्हा धाड!

"ही उजवीकडची बाई," हे म्हणाले. "काय हात आहे की हातोडा!"

आवाज डावीकडून आला होता. मुलाच्या केबिनमधून. दार आपटल्यावर "मी लावलं, मी लावलं!" असा भिंगरीचा आनंदाचा चित्कारही मला स्पष्ट ऐकू आला. पण एकाच कानाने ऐकणाऱ्याला दिशा कुठली? सगळा आवाज चालत्या कानाच्याच बाजूने आल्यासारखा वाटतो.

आणि मी काही बोलले नाही.

हे मी लपवणार नाही, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मला वाटलं, आवाज सुनेच्या केबिनचा आहे हे कळलं की संपलं. आधीच तिच्यावर राग, त्यात ती दारं आपटू देते म्हटल्यावर हे उतरण्याआधीच नाही म्हणून मोकळे होतील. परकी बाई आठ दिवसांनी कुठल्या कुठे जाणार. तिच्यावर चार दिवस आळ आला तर तिचं काय बिघडतंय? असा माझा हिशेब. पोरांसाठी बाई किती खालची पातळी गाठते ते मला त्या बाल्कनीत कळलं.

केबिन आवरायला येणारा माणूस मोठा हसतमुख होता. ह्यांनी त्याच्याकडे तक्रार केली. त्याने मान हलवून सगळं ऐकून घेतलं आणि कानात घालायचे मऊ बोळे आणून दिले. ह्यांनी ते असे धरले की जणू मेलेली पाल. मग त्याने परक्या बाईंच्या दाराच्या चौकटीला जाड कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. रात्री त्रास होतो का, असं त्याने विचारलं तर हे म्हणाले, "रात्री कमालीची शांतता असते." असणारच. हे उजव्या कुशीवर झोपतात, चांगला कान उशीत. शेजारी बँड वाजला तरी ह्यांची झोप मोडायची नाही.

सकाळी मात्र धाड ठरलेली. भिंगरीची दोन्ही केबिनमध्ये सारखी ये-जा, त्यामुळे त्यांचं बोळातलं दार सताड उघडं, आणि बाल्कनीचं दार लावण्याचा मान तिचा. मी हळूच मुलाला सांगितलं, तो "हो आई, बघतो" म्हणाला आणि विसरला. तिसऱ्या दिवशी ह्यांचा पारा चढला. ते उठून उजवीकडच्या बाईंच्या दारावर गेले. मी मागोमाग.

दार उघडणारी बाई साठीच्या पुढची, बारीक, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. ह्यांनी तिला दारशास्त्रावर व्याख्यान दिलं. आधी बोळातलं दार लावायचं, मग बाल्कनीचं उघडायचं. मूठ शेवटपर्यंत सोडायची नाही. शेवटची चार बोटं राहिली की दाराला आपल्या अंगाचा टेका द्यायचा. हे बोलणं उद्धट नव्हतं, कारण दारांविषयी बोलताना ह्यांना उद्धट होताच येत नाही. बाईंनी सगळं ऐकलं.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "मी काळजी घेईन."

माझी नजर गालिच्यावर.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मला वरच्या डेकवर भेटल्या, एका आडोशाला पुस्तक घेऊन बसलेल्या. आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली म्हणाल्या. लोकांना गप्प बसवण्यातच जन्म गेला आणि आता आपल्याच आवाजाची तक्रार यावी, याचं त्यांनाच हसू येत होतं. "एकटी राहते ना मी. आपला आवाज किती होतो ते सांगायला घरात कुणी नसतं. होतही असेल. आता मी ते दारच उघडत नाही, म्हणजे प्रश्न मिटला."

"बाल्कनीत बसतच नाही?"

"इथून दिसतो की समुद्र."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी "वारा छान आहे" असं काहीतरी म्हटलं आणि जिना उतरून आले. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही केबिनमध्ये होतो. धाड! हे ताडकन उठले. "आता हद्द झाली," म्हणून बोळात गेले आणि उजवीकडचं दार ठोठावू लागले. मी त्यांच्या मागे पोचते तोच बोळाच्या टोकाकडून ग्रंथपालबाई येताना दिसल्या, काखेत पुस्तक, हातात चावीचं कार्ड.

"काय झालं?"

"आत कोण आहे?" ह्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. मी सकाळपासून वर आहे." त्यांनी कार्ड लावून दार उघडलं. केबिन रिकामी. बाल्कनीचं दार घट्ट लावलेलं आणि फटीत टॉवेलची घडी खोचलेली, चुकून हलूसुद्धा नये म्हणून. हे त्या घडीकडे बघत राहिले.

तेवढ्यात पुन्हा धाड, आणि डावीकडच्या दारातून भिंगरी उडी मारून बाहेर. तिच्या मागे तिची आई, तिचा दंड धरायला धावलेली. एका क्षणात तिच्या लक्षात सगळं आलं असावं. ती ह्यांच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात बोलू लागली. "बाबा, आमचंच दार आहे ते. चूक आमची आहे. त्यांना कशाला..." ह्यांची नजर रिकाम्या केबिनवरून हलली नाही. "बाबा," तिने पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. मग ती गप्प झाली आणि तिने मान खाली घातली. ती मान खाली घालण्याची तऱ्हा मी पाहिली. तिला ते नवीन नव्हतं.

"अहो, सून बोलतेय तुमच्याशी," मी म्हटलं.

हे वळले. "कधी?"

"आत्ता. तीनदा."

भिंगरीसुद्धा एका जागी उभी राहिली. ह्यांनी आधी उजवीकडच्या दाराकडे पाहिलं, मग डावीकडच्या. मग त्यांनी एक गोष्ट केली. उजव्या हाताचा तळवा उजव्या कानावर घट्ट दाबून धरला आणि सुनेला म्हणाले, "आता बोल."

ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. ती बोलली, काय ते मला आठवत नाही, दोन-चार वाक्यं असतील. हे तिच्या ओठांकडे बघत होते, दार टेकताना बघावं तसे, सगळं लक्ष एकवटून. मग तळवा खाली घेतला.

"हा कान गेलाय," ते म्हणाले. "पार गेलाय."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग ते ग्रंथपालबाईंकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, मी तुमचे तीन दिवस फुकट घालवले. दार तुमचं नव्हतं, कान माझा होता." त्या नको नको म्हणत असताना ह्यांनी आत जाऊन स्वतःच्या हाताने टॉवेलची घडी उपसून काढली.

संध्याकाळी मीही सांगून टाकलं, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणून. "त्या बाईंना काय वाटलं असेल, याचा विचार केला नाहीस?" एवढंच म्हणाले, आणि झोपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सकाळी चहा न घेताच ते मुलाच्या केबिनमध्ये गेले. भिंगरीच्या इवल्या हातावर आपला हात ठेवून त्यांनी तिला दार लावायला शिकवलं. शेवटची चार बोटं राहिली की अंगाचा टेका. पाचव्यांदा दार आवाज न करता टेकलं तेव्हा ती निराश झाली. "लागलंच नाही," म्हणाली. मुलगा हसला. सून पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. हे तिच्या समोर खुर्ची ओढून बसले, अगदी समोर.

"त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला एक विचारलं होतं."

तिचे हात थांबले. "हो बाबा."

"तू उत्तर दिलं होतंस?"

"दिलं होतं." ती म्हणाली. "तुम्ही काही न बोलता निघून गेलात. मला वाटलं, माझं उत्तर तुम्हाला आवडलं नाही. मी फार पुढे पुढे केलं की काय, असं वाटलं. परत विचारायची हिंमत झाली नाही."

"काय म्हणाली होतीस?"

"म्हटलं होतं, विचारताय काय? मी खोलीला पडदेसुद्धा लावून ठेवलेत. या महिन्यातच या."

मी दाराशी उभी होते. मुलगा बाल्कनीकडे तोंड करून उभा राहिला. ह्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर सुनेच्या चेहऱ्यावर. मग त्यांनी उजवा कान थोडा पुढे केला.

"परत सांग," ते म्हणाले.

तिने परत सांगितलं, या वेळी मोठ्याने आणि रडत. केबिनमध्ये तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच त्यांना नीट ऐकू आलं होतं, हे मला माहीत आहे.