मी पाजलेलं धारोष्ण दूध

“घरी कच्चं दूध कोण पितं?” हैदराबादहून आलेला रक्ताचा अहवाल वाचता वाचता जालन्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं. माझी बायको यमुना बाहेर बाकावर भिंतीला टेकून बसली होती. मी जनावरांचा डॉक्टर. प्रश्न ऐकला तेव्हाच मला उत्तर कळलं.

आजाराचं नाव अंड्युलंट फीव्हर, म्हणजे चढउताराचा ताप. काही दिवस तो रोज संध्याकाळी चढतो. मग उतरतो, घरातली माणसं सुटलो म्हणतात, आणि तो परत येतो. ज्या म्हशीने, गाईने किंवा शेळीने दिवस भरण्याआधीच गर्भ टाकला, तिच्या कच्च्या दुधातून तो माणसाला लागू शकतो. “पक्कं औषध नाही,” डॉक्टर म्हणाले. “विश्रांती, खाणंपिणं आणि धीर. बहुतेक माणसं यातून उठतात.” बहुतेक हा शब्द मीही लोकांना त्यांच्या बैलांबद्दल सांगताना वापरत असे. तो ऐकणाऱ्याला कसा लागतो, हे त्या दिवशी समजलं.

हे लिहितो ते ज्यांच्या घरी असा ताप ठाण मांडून बसला असेल त्यांच्यासाठी.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. सरकारी नोकरी सोडून मी परतूरला कापसाच्या बाजाराजवळ स्वतःचा दवाखाना काढला होता. पहिलं वर्ष माशा मारण्यात गेलं. लोक मला सलोत्री, म्हणजे गुरांचा वैद्य, म्हणत, राम राम घालत आणि आजारी बैल मात्र तापल्या सळईचे डाग द्यायला दुसरीकडे नेत. दवाखान्याला बरकत आली ती किशनरावांच्या म्हशीमुळे. सातव्या महिन्यात ती गाभडली, म्हणजे तिने गर्भ टाकला, आणि वार आतच अडकली. दोन तास खपून मी ती हाताने काढली. म्हैस वाचली. किशनराव मोठे जमीनदार, त्यांनी चार गावांत माझं नाव केलं. म्हैस थोडं दूध देऊ लागली तसा त्यांच्याकडून रोज सकाळी एक तांब्या घरी येऊ लागला.

यमुना तेव्हा दुसऱ्या बाळंतपणातून उठत होती, अशक्त होती. मी तिला धारोष्ण दूध सुरू केलं. आचळातून थेट तांब्यात, याहून शुद्ध काय असणार, हा माझा हिशेब. ती नाक मुरडायची. “वास येतोय. उकळून घेते की.” मी म्हणायचो, उकळलं की सत्त्व जातं. पेला रिकामा होईपर्यंत मी समोर उभा राहायचो. गाभडणं एका जनावराचं दुसऱ्याला लागतं, हे मी शिकलो होतो. म्हैस वेगळी बांधा, असं किशनरावांना सांगितलंही होतं. माणसालाही लागतं, हेही वर्गात एकदा कानावर पडलं होतं. पण मी गुरांचा डॉक्टर, माणसाचं ते मी सोडून दिलं होतं.

महिनाभराने ताप सुरू झाला. संध्याकाळी थंडी, पहाटे इतका घाम की गोधडी पिळावी. कंबर आणि गुडघे धरलेले. गावात हिवताप म्हणून कोयनेल दिलं, मग विषमज्वर म्हणून लंघन. शेवटी आईवर मुलं सोपवून, दवाखान्याला कुलूप लावून आम्ही रेल्वेने जालना गाठलं आणि हैदराबादला पाठवलेल्या रक्ताचा अहवाल येईपर्यंत तिथेच राहिलो.

परतीच्या गाडीत यमुनाने विचारलं, “कशानं झालं म्हन्ले?”

“लागण कुठूनही होते,” मी म्हणालो. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती या वाक्याची.

मी वहीत रोजचा ताप लिहू लागलो. पहिली फेरी वीस दिवसांची. मग आठवडा बरा. दुसऱ्या फेरीत ती भिंत धरूनही उभी राहीना. ती जाणार, आणि जाताना खोटं ऐकून जाणार, अशी मला भीती बसली. एका दुपारी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. “वास येतोय म्हन्लं व्हतं मी,” एवढंच म्हणाली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून विचारलं, “किशनरावाची सून बाळंत झाली न्हाई का? तिला काय पाजून राह्यले?”

त्या सुनेलाही धारोष्ण दूध मीच सांगितलं होतं.

मी तसाच गेलो. किशनराव ओसरीवर होते. ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. “डाक्टरसाब, तुमीच पाजा म्हन्ले, आन् आता आमच्या म्हशीला बट्टा लावता? चार गावांत काय सांगू मी?” आतून कोणी बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तांब्या बंद झाला, आणि त्यांच्या शब्दावर येणारे बैलही बंद झाले.

दुसऱ्या फेरीचा ताप उतरल्यावर पाचव्या दिवशी यमुना म्हणाली, “गाडी जुंपायला सांगा.” मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. ते बरंच झालं. माझं ऐकूनच ती आजारी पडली होती.

किशनरावांच्या घरी ती दाराची चौकट धरत सरळ चुलीपाशी गेली. मी ओसरीवर बसलो. किशनराव माझ्याकडे बघत नव्हते. आतून तिचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

“हे माझे हात बघा. दोन महिन्यात बांगड्या कोपरापर्यंत चढायल्यात. यांनी पाजलं म्हनून प्याले. दूध उकळून द्या पोरीला. कुनी काही सांगू द्या, बिलकुल ऐकू नका. माह्या नवऱ्याचं बी ऐकू नका.”

किशनराव चमकून माझ्याकडे वळले. मी चिडेन असं त्यांना वाटलं असावं.

“बराबर बोलली,” मी म्हणालो.

त्यांनी आत हाक मारली, “दूध चुलीवर ठेवा.”

सुनेला ताप आला नाही. यमुनाला तिसरी फेरी आली, पण हलकी, आणि त्यानंतर वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नाही. दवाखाना हळूहळू पुन्हा चालू लागला. गाभडलेल्या जनावराच्या घरी मी आता आधी चुलीची चौकशी करतो. जालन्याच्या डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण ज्या बाईने अंगात त्राण नसताना गाडी जुंपायला लावली, तिचे जास्त आहेत.

यमुना आता पूर्ण बरी आहे. माझ्या हातून पाणी घेते, औषध घेते. दुधाचा पेला मात्र अजून घेत नाही. मीही तो पुढे करत नाही.